शब्द कोणी कोणाला दिला?

राजगृहातल्या एका घरात आईबाप मुलाच्या भवितव्याची चिंता करत बसले होते. आपण गेल्यावर उपालीचं कसं व्हायचं? लेखन शिकवावं तर बोटं दुखतील. हिशेब शिकवावा तर छाती दुखेल. नाणी पारखायला बसवावं तर डोळे दुखतील. एकेक पेशा असा निकालात निघाला आणि मग त्यांच्या मनात आलं, ते शाक्यपुत्राचे भिक्षू बघा, किती सुखात राहतात! चांगलं जेवतात, वारा न लागणाऱ्या जागी निजतात. उपालीने हे बोलणं ऐकलं आणि मित्रांना जाऊन सांगितलं. सगळे मिळून सतरा जण होते. त्यांनी आपापल्या घरून परवानगी आणली आणि सतराच्या सतरा जण भिक्षू झाले.

पहाटेच रडारड सुरू झाली. पेज द्या, भात द्या, काहीतरी खायला द्या. भिक्षूंनी समजावलं, उजाडू द्या, असेल तर मिळेल, नसेल तर भिक्षा मागून आणा. पोरं ऐकेनात, अंथरुणंही खराब करून बसली. बुद्धांनी तो आवाज ऐकला, चौकशी केली आणि नियम घालून दिला: वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कोणाला उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, द्यायची नाही. थंडी, ऊन, भूक, तहान, डास-माश्या आणि लोकांचे कठोर शब्द सोसायला त्या वयात माणूस समर्थ नसतो, असं कारणही दिलं. विनयपिटकातल्या महावग्गात ही कथा आहे. धर्मग्रंथात करिअर काउन्सेलिंगचा इतका जुना आणि इतका खट्याळ प्रसंग दुसरीकडे शोधावाच लागेल. आईबापांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी प्रत्येक व्यवसायाचा विचार एकाच बाजूने केला, तो म्हणजे मुलाला काय दुखेल. त्याला काय आवडेल हा मुद्दा चर्चेत आलाच नाही.

अमेरिकेत दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असंच बोलणं हजारो घरांत चालतं. मुलगा किंवा मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, वय सतरा. डॉक्टर व्हायचं म्हणतेय. मग नेहमीच्या रस्त्याने जायचं, की बीएस-एमडीला अर्ज करायचा?

नेहमीचा रस्ता लांब आहे. आधी चार वर्षांची पदवी, त्यातच जीवशास्त्र, रसायन, भौतिकी असे प्री-मेडचे विषय. मग एमकॅट ही दिवसभराची परीक्षा, जिचे गुण 472 ते 528 या चमत्कारिक पट्टीवर मोजतात. मग वीस-पंचवीस मेडिकल स्कूलना अर्ज, निबंध, मुलाखती. अलीकडच्या वर्षांत दर साल पन्नास हजारांहून जास्त उमेदवार अर्ज करतात आणि साधारण 22-23 हजारांना जागा मिळते. निम्म्याहून अधिक मुलं मध्ये एखादं तरी वर्ष थांबतात, कुठे प्रयोगशाळेत काम करतात, कुठे अ‍ॅम्ब्युलन्सवर. मेडिकल स्कूलची चार वर्षं संपली की रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण: फॅमिली मेडिसिनला तीन वर्षं, न्यूरोसर्जरीला सात. अठराव्या वर्षी निघालेला माणूस कुठेही न थांबता गेला, तरी मेंदूची शस्त्रक्रिया स्वतःच्या जबाबदारीवर करेपर्यंत तेहेतिशीला पोचतो.

बीएस-एमडी किंवा बीए-एमडी म्हणजे पदवी आणि मेडिकल यांचा जोडप्रवेश. हायस्कूलमधूनच दोन्हींची जागा एकदम. ठरलेले ग्रेड राखा, काही ठिकाणी एमकॅटमध्ये किमान गुण आणा, की मेडिकल स्कूलची खुर्ची तुमची. त्यासाठीची चुरस मात्र भयंकर. ब्राउन विद्यापीठाच्या अशा प्रोग्रॅमला शंभर जणांनी अर्ज केला तर पाचांनाही प्रवेश मिळत नाही.

एडिसन किंवा प्लेन्सबरोसारख्या अमेरिकन गावांतल्या मराठी घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. आईबाप स्वतः महाराष्ट्रातून आलेले. त्यांच्या वर्गातली मुलं बारावीनंतर थेट मेडिकलला गेली, साडेचार वर्षं शिकली, वर्षभर इंटर्नशिप करून तेविशीत डॉक्टर झाली. नीट परीक्षेला बसायला आजही किमान वय सतराच आहे. म्हणून ‘इतक्या लहान वयात कसं ठरवणार?’ हा प्रश्न अमेरिकन समुपदेशकाने काढला की आईबापांना त्याचं नवल वाटतं. ठरवायचं ते याच वयात, नाहीतर केव्हा? आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. जगातल्या बहुतेक देशांत डॉक्टर शाळेतूनच निघतो. वेगळा रस्ता अमेरिकेचा आहे आणि तोही अलीकडचा. 1893 मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलने आधी पदवी हवी अशी अट घातली, तेव्हा ती जगावेगळी होती. 1910 मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या 155 मेडिकल स्कूलची झाडाझडती घेणारा अहवाल लिहिला. त्यानंतर कितीतरी स्कूल बंद पडली आणि आधी कॉलेज, मग मेडिकल ही रीत हळूहळू पक्की होत गेली.

त्या रीतीच्या आधीच्या अमेरिकेत एक मराठी मुलगी पोचली होती. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. 1886 मध्ये एमडी झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविसावं पुरं व्हायच्या आत, गेल्या. त्यांना कॉलेजची पदवी कोणी मागितली नाही. त्यांचा निर्णय त्यांचा होता का, यावर मात्र महाराष्ट्र आजही वाद घालू शकतो. शिकवायचा ध्यास नवऱ्याचा, गोपाळरावांचा, तोही हट्टाच्या आणि मारहाणीच्या टोकाला गेलेला. पण चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, ते दुःख आनंदीबाईंचं होतं, आणि हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी हे सेरामपूरच्या सभेत उभं राहून त्यांनी स्वतः मांडलं. ढकललेलं पाऊल कुठे संपलं आणि स्वतःचं कुठे सुरू झालं, ती रेघ त्यांच्या आयुष्यात सापडत नाही. बहुधा कोणाच्याच आयुष्यात ती सापडत नसावी. ‘मुलाची खरी इच्छा काय आहे ते आधी शोधा’ असा सल्ला देणारे लोक ही अडचण नजरेआड करतात. सतराव्या वर्षीची इच्छा घरातल्या जेवणासारखी असते, अर्धी आईच्या हाताची.

तेव्हा वयावर भांडून फारसं काही हाती लागत नाही. खरी तात्त्विक अडचण दुसरी आहे. आजचा ‘मी’ उद्याच्या ‘मी’च्या वतीने शब्द देऊ शकतो का?

डेरेक पार्फिट या इंग्लिश तत्त्वज्ञाने 1984 च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात एका तरुण रशियन उमरावाची कल्पना केली आहे. काही वर्षांनी त्याला मोठी जमीन वारशाने मिळणार आहे. तो समाजवादी विचारांचा आहे, ती शेतकऱ्यांना वाटायची असं त्याने ठरवलंय. पण वय वाढलं की माणसं बदलतात हे त्याला माहीत आहे. म्हणून तो आताच दस्तऐवज करतो. तो रद्द करायचा असेल तर फक्त बायकोच्या संमतीने. आणि बायकोला सांगून ठेवतो: पुढे मी मन बदललं आणि तुझ्याकडे संमती मागितली तर देऊ नकोस, तो मागणारा मी नसेन. वर्षं जातात. तो मध्यमवयीन होतो, बदलतो, संमती मागतो. बायकोने काय करावं? तिने शब्द दिला होता तो त्या तरुणाला. तो तरुण आता तिला त्या शब्दातून मोकळं करायला हजर नाही.

येल विद्यापीठातल्या एल. ए. पॉल यांनी 2014 मध्ये हाच धागा दुसऱ्या टोकाने ओढला. काही अनुभव असे असतात की ते घेतल्याशिवाय कसे असतात ते कळत नाही, आणि घेतल्यावर आपली आवडनिवडच बदलते. मूल होणं हा त्यांचा एक नमुना, दुसरा चक्क व्हँपायर होण्याचा. झालेले सगळे सांगतात की फार छान आहे, पण ते सांगतात तेही व्हँपायर झाल्यावरच. डॉक्टर होणं या जातीत चपखल बसतं. शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभं राहणं, पहिला मृत्यू घरच्यांना सांगणं, छत्तीस तास जागं राहून कोणावर तरी न चिडणं, हे डॉक्टर काकांकडे बसून ऐकता येतं, पण ऐकून कळत नाही. उन्हाळ्यात आठ आठवडे डॉक्टरच्या मागे मागे फिरणं, ज्याला तिथे शॅडोइंग म्हणतात आणि ज्याचे तास अर्जात मोजून लिहायचे असतात, त्याने पांढऱ्या कोटाची ओळख होते, त्याच्या वजनाची नाही. आणि हा तर्क बावीस वर्षांच्या पदवीधरालाही तेवढाच लागू पडतो. त्यालाही ते आधी कळणार नसतंच. चार वर्षं थांबल्याने अज्ञान थोडं कमी होतं, इतकंच.

इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, मग जोडप्रवेश म्हणजे त्या रशियन उमरावाचा दस्तऐवज. तरुणाने सही केली, प्रौढाने भोगायचं.

पण दस्तऐवज नीट वाचला तर सही दुसऱ्याचीच निघते. बहुतेक जोडप्रवेशांत विद्यार्थ्याने डॉक्टर व्हायचा शब्द दिलेलाच नसतो. तो वाटेल तेव्हा सोडून अर्थशास्त्र शिकू शकतो. शब्द दिलेला असतो मेडिकल स्कूलने: तू या अटी पाळ, आम्ही तुझी जागा राखून ठेवतो. काही ठिकाणी दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला तर राखीव जागा जाते, काही ठिकाणी तेही चालतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत बांधली गेलेली संस्था आहे, मुलगा नव्हे. सतराव्या वर्षी कोणी व्रत घेतलं असेल तर ते कॉलेजने.

हे एकदा लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रोग्रॅममधला फरक नव्याने दिसायला लागतो. एरवी तो फरक सहा वर्षं, सात वर्षं, आठ वर्षं असा आकड्यांत सांगितला जातो, आणि सगळ्यात कमी आकडा तो सगळ्यात हुशार मुलांचा, असा एक समज भारतीय घरांत पसरलेला आहे. खरं तर कॉलेज जो शब्द देतं, त्यामागे माणसाविषयीची एकेक समजूत असते.

1961 मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नने आणि बॉस्टन विद्यापीठाने, 1963 मध्ये पेन स्टेटने फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजबरोबर असे प्रोग्रॅम काढले. तेव्हा डॉक्टर कमी पडणार अशी चिंता होती आणि हुशार मुलांची वर्षं वाया का घालवायची, असा रोकडा विचार. कॅन्सस सिटीत मिझुरी विद्यापीठाचं मेडिकल स्कूल 1971 मध्ये सुरू झालं तेच सहा वर्षांच्या बीए-एमडीसाठी. तिथले संस्थापक डॉ. ई. ग्रे डायमंड यांची श्रद्धा अशी की वैद्यक पुस्तकातून नव्हे, वडीलधाऱ्या डॉक्टरच्या सोबतीने शिकायचं. म्हणून अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली निरनिराळ्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांचा एक छोटा गट, आणि रुग्णालयाशी संबंध पहिल्या वर्षापासून. या घराण्याचा विचार गुरुकुलाचा आहे. तू ठरवलंस ना, मग लाग कामाला, माणूस कामातूनच घडतो. लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’वर वाढलेल्या मराठी मनाला हे पटायला वेळ लागत नाही. विकल्पांचा काथ्याकूट कमी, हातातलं कर्म जास्त.

ब्राउन विद्यापीठाचा प्रोग्रॅम, जो आयव्ही लीगमधला या जातीचा एकुलता एक, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून याच्या अगदी उलट वागतो. तिथे वर्षं वाचत नाहीत, पूर्ण आठ लागतात. एमकॅट नाही. पहिली चार वर्षं मुलाने संस्कृत शिकावं, संगीत शिकावं, गणित शिकावं. जागा पक्की आहे म्हणूनच भटक, असं हे तत्त्व. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायने 1987 मध्ये हाच विचार थोडा उशिरा आणून बसवला: कॉलेजात साहित्य-तत्त्वज्ञान शिकणाऱ्या मुलांना दुसऱ्या वर्षातच जागेचा शब्द द्यायचा, एमकॅट आणि प्री-मेडचे बरेचसे विषय माफ. ही मुलं मेडिकलमध्ये मागे पडतील अशी भीती होती. तिथल्याच डेव्हिड म्युलर आणि नेथन केस यांनी 2010 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा ती बाकीच्यांच्या बरोबरीने निघाली.

एकच नाव, एकच राखीव खुर्ची, आणि दोन अर्थ. एक म्हणतो, तू कोण आहेस ते तुला कळलंय. दुसरा म्हणतो, ते कळायला तुला अजून चार वर्षं आहेत आणि त्या काळात भिऊ नकोस. जोडप्रवेशांत निवड करणारं कुटुंब खरं तर या दोन समजुतींत निवड करत असतं. फक्त ते कोणी असं बोलून दाखवत नाही. बोलणं होतं ते फीचं, रँकिंगचं आणि विमानतळ किती जवळ आहे याचं.

तिसरंही एक घराणं आहे, त्याची चर्चा आपल्या लोकांत कमी होते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात 1973 मध्ये सोफी डेव्हिस स्कूल निघालं ते गरीब वस्त्यांतल्या, काळ्या आणि लॅटिनो मुलांना डॉक्टर करायला. पदवीनंतर न्यूयॉर्क राज्यातल्या डॉक्टर नसलेल्या भागात दोन वर्षं प्राथमिक सेवा करायची, नाहीतर दंड भरायचा, अशी तिथली अट होती. 2016 मध्ये त्याचंच स्वतंत्र मेडिकल स्कूल झालं. न्यू मेक्सिको विद्यापीठाने 2006 पासून वर्षाला 28 मुलं घ्यायला सुरुवात केली, ती त्याच राज्यातली, कारण राज्यातल्या खेड्यांना डॉक्टर मिळत नव्हते. इथे मात्र शब्द दोन्ही बाजूंनी आहे, आणि विद्यार्थ्याचा शब्द कॉलेजला नसून ज्यांची तोंडंही त्याने पाहिली नाहीत अशा रुग्णांना आहे. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होणाऱ्याला वर्षभराच्या सेवेचा बाँड असतो, आणि न केल्यास दहा लाख रुपये भरून सुटायची सोय होती. किती घरांत त्या दहा लाखांकडे फीचा शेवटचा हप्ता म्हणून पाहत, हे वेगळं सांगायला नको. शब्दाची किंमत रुपयांत लिहिली की तो पाळण्यापेक्षा विकत घेणं सोपं होतं.

कागदावर मुलगा मोकळा असतो, मग तो अडकतो कुठे? अडकतो तो बाहेर पडायच्या दारात. आणि या दाराविषयी धर्मांना विद्यापीठांपेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण त्यांनी जास्त चुका केल्या आहेत.

नवव्या शतकात जर्मनीतल्या फुल्डा मठात गॉटशाल्क नावाचा मुलगा राहत होता. सॅक्सन सरदाराचा मुलगा. बापाने लहानपणीच मठाला वाहिलेला, आपल्याकडे मूल देवाला वाहत तसा. मोठा झाल्यावर तो म्हणाला, हे व्रत मी घेतलेलंच नाही, मला सोडा. 829 मध्ये माइन्झच्या धर्मसभेने त्याचं ऐकलं. पण फुल्डाचे मठाधिपती हराबानुस माउरुस, मोठे पंडित, त्यांनी आईबापांनी मूल वाहणं कसं पवित्र आणि बंधनकारक आहे यावर प्रबंधच लिहून बादशहाकडे दाद मागितली. गॉटशाल्क फुल्डातून सुटला, संन्यासातून नाही. आयुष्य दुसऱ्या मठांत काढलं, तेही वादांत आणि शेवटी कैदेत.

कॅथलिक चर्च त्यातून शिकलं, पण सावकाश. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेने सोळा वर्षांच्या आत आणि वर्षभराच्या उमेदवारीशिवाय व्रत नाही असं ठरवलं. आजचा, 1983 चा, धर्मकायदा तर पायऱ्या बांधून देतो. सतरा पूर्ण झाल्याशिवाय उमेदवारी नाही. अठराच्या आत तात्पुरतं व्रतसुद्धा नाही. ते व्रत निदान तीन वर्षांचं, मुदत संपली की कोणाचीही बेअब्रू न होता घरी जाता येतं. कायमचं व्रत एकविसाच्या पुढेच. गंमत अशी की सतरा हाच आकडा तिथेही आहे, पण तो उंबरठ्याचा, गाभाऱ्याचा नाही. थेरवादी बौद्धांनी आणखी सैल ठेवलं. चीवर उतरवून परत गृहस्थ होता येतं, आणि थायलंडमध्ये तर मुलाने काही आठवड्यांपुरतं भिक्षू होऊन येणं ही घरच्यांना भूषणाची गोष्ट असते.

आपल्याकडे दार कसं होतं हे विठ्ठलपंतांच्या गोष्टीत आहे. परंपरा सांगते की आपेगावचे विठ्ठलपंत बायकोची संमती न घेता काशीला जाऊन संन्यासी झाले. गुरूंना खरं कळलं तेव्हा त्यांनीच परत पाठवलं: घरी जा, संसार कर. आत जायचं दार सताड उघडं होतं, परत यायचं मात्र शास्त्रात नव्हतंच. आळंदीने कुटुंबाला वाळीत टाकलं, मुलांची मुंज नाकारली, आणि अखेर आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला असं सांगतात. त्या परतीशिवाय निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई यांतलं कोणीच जन्मलं नसतं, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. परत फिरलेल्याला काय सोसावं लागलं, ते सांगताना आवाज थोडा खाली येतो.

अमेरिकेतल्या राखीव खुर्चीत हे सगळं सौम्य रूपात हजर असतं. कोणी वाळीत टाकत नाही. पण मुलीला जागा मिळाली त्या दिवशी आजीला फोन झालेला असतो, मंडळाच्या दिवाळीत अभिनंदन झालेलं असतं, धाकट्या भावंडाला तिचं उदाहरण देऊन झालेलं असतं. दुसऱ्या वर्षी तिला भाषाशास्त्र आवडायला लागलं, तर ती नेमकं काय सोडते? व्रत नाही सोडत. दुसऱ्या हजारोंना न मिळालेली वस्तू सोडते. ‘शब्द मोडला’ यापेक्षा ‘मिळालेलं लाथाडलं’ हा आरोप जड असतो, कारण त्याच्यावर कुठलं प्रायश्चित्त नाही. शिवाय खुर्ची सोडल्यावर मन पुन्हा बदललं, तर रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहायचं.

याचा अर्थ जोडप्रवेश नाकारावा, असा नाही. जोएल फाइनबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1980 मध्ये मुलाच्या ‘खुल्या भविष्याच्या हक्का’ची कल्पना मांडली: मूल मोठं होईपर्यंत त्याची दारं आईबापांनी बंद करू नयेत. कल्पना मोलाची आहे, पण ती पुरी पडत नाही. दारं उघडी ठेवण्यालाही खर्च येतो. नेहमीच्या रस्त्याने गेलेला प्री-मेड विद्यार्थी कागदावर चार वर्षं मोकळा असतो. प्रत्यक्षात तो ऑरगॅनिक केमिस्ट्रीतल्या एका बी ग्रेडने हादरतो, कठीण म्हणून तत्त्वज्ञानाचा वर्ग टाळतो आणि सेवाभावसुद्धा अर्जात किती तासांचा दिसेल या हिशेबाने बाळगतो. लुईस थॉमस हे डॉक्टर-लेखक 1978 मध्ये या प्रकाराला इतके वैतागले की त्यांनी सुचवलं, स्वतःला प्री-मेड म्हणवणाऱ्याचा अर्ज मेडिकल स्कूलने तीन गठ्ठ्यांतल्या तिसऱ्या गठ्ठ्यात टाकावा आणि पदवीच्या अभ्यासाच्या मध्यभागी प्राचीन ग्रीक भाषा ठेवावी. अर्धा विनोद होता, अर्धा नव्हता. अशा मुलाला खुर्चीची हमी मिळाली, तर तीच त्याचं भविष्य थोडं उघडते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजला जातंय, जिथे कर्ज काढून शिकणाऱ्या डॉक्टरांवर सरासरीने दोन लाख डॉलरच्या आसपास बोजा असतो हा आकडा ऐकून झोप उडते, तिथे निश्चितीला पिंजरा म्हणणं हा खात्यापित्या घरचा शहाणपणा झाला.

तरी झुकतं माप द्यायचंच, तर या लेखाचं माप आठ वर्षांच्या बाजूला झुकतं. सहा वर्षांत डॉक्टर वाईट होतात म्हणून नव्हे, तसं असतं तर अर्धं जग वाईट डॉक्टरांच्या हाती असतं. झुकतं ते दारासाठी. घाईच्या वेळापत्रकात बाजूला व्हायला जागा कमी असते आणि निम्मा रस्ता झाला की सगळेच म्हणतात, आता राहिलंय किती. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून पुण्यात आणि आफ्रिकेत वर्षानुवर्षं काम करून, बेचाळिसाव्या वर्षी, 1969 मध्ये पूर्णवेळ रंगभूमीवर आले. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ झालं. त्यांनी ते निभावलं. पण बेचाळिशीत दार ढकलायला लागणारं बळ एकोणिसाव्या वर्षी ढकलण्यापेक्षा किती जास्त, हे त्यांच्यासारखं धाडस न केलेले पुष्कळ डॉक्टर सांगतील, आणि त्यांतले काही कट्ट्यावर गातातही उत्तम.

म्हणून निवड करताना विचारायचे प्रश्न थोडे वेगळे आहेत. दुसरीकडे अर्ज केला तर जागा जाते का? मध्ये वर्षभर थांबता येतं का? ग्रेड घसरले तर सुधारायला वेळ मिळतो का? आणि सगळ्यांत महत्त्वाचा: गेल्या काही वर्षांत इथून किती जण बाहेर पडले, आणि ते आता काय करताहेत? ज्या कॉलेजला हे सहज सांगता येतं, त्याला आपण दिलेल्या शब्दाचा अर्थ कळलेला असतो. मुलाखतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण मूल डगमगतंय असं समितीला वाटेल ही भीती. ती खरीही आहे. पण मार्चअखेर स्वीकाराचं पत्र येतं आणि होकार कळवायची तारीख साधारणपणे 1 मे असते. मधल्या महिन्याभरात पारडं फिरलेलं असतं. निवड करून झाली आहे ती कॉलेजची, आणि वाट पाहतंय तेही कॉलेजच. फोन तेव्हा करावा, आणि तो आईबापांनी नव्हे, मुलीने करावा.